छोट्या व्यवसायाचा संगणक आणि विजेचा लपंडाव : यूपीएसची बॅटरी कशी निवडावी, कधी बदलावी?

बोरी बुद्रुक (ता. जुन्नर), प्रतिनिधी

नारायणगाव आणि आळेफाटा या बाजारपेठांजवळ कुकडी नदीच्या काठी वसलेले बोरी बुद्रुक हे गाव पुरातत्त्वाच्या अभ्यासकांना परिचित आहे. नदीकाठच्या मातीच्या थरांत सापडलेली ज्वालामुखीची राख आणि तिच्या सान्निध्यातील अश्मयुगीन हत्यारे हे त्याचे कारण. जुन्नर तालुक्यातीलच खोडद येथे प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्यांची महाकाय रेडिओ दुर्बीण आहे. अशा या परिसरातील रोजचे व्यवहार आता संगणकाशी जोडले गेले आहेत. सातबारा उतारा, दाखले, पीकविम्याचे अर्ज, पतसंस्थेची खाती, दूध संकलनाची नोंद, खतविक्रीची पावती, औषध दुकानाचे बिल यांपैकी बहुतेक कामे पडद्यावर होतात. साहजिकच वीज गेली की नुसता दिवा विझत नाही, कामच थांबते.

हे काम थांबणे किरकोळ नसते. पीकविम्याच्या अंतिम मुदतीच्या दिवशी सेवा केंद्रासमोर रांग लागलेली असताना वीज गेली, तर त्या रांगेतील शेतकऱ्याचा हंगामभराचा विमा हुकू शकतो. सकाळच्या अंधारात दूध संकलन चालू असताना संगणक बंद पडला, तर कोणाच्या किती लिटर दुधाची आणि कोणत्या फॅटची नोंद झाली यावरून वाद उभा राहतो. पतसंस्थेत दिवसअखेरीचा मेळ घालताना यंत्र अचानक बंद झाले, तर माहितीची फाइलच खराब होण्याची भीती असते. म्हणूनच शेकडो रुपयांची वाटणारी यूपीएसची बॅटरी प्रत्यक्षात त्याहून कितीतरी मोठ्या व्यवहाराची राखण करीत असते. तरीही ती विकत घेताना फारसा विचार होत नाही आणि ती निकामी झाल्याचे बहुधा वीज गेल्यानंतरच कळते. शहरातील दुकानदार, दवाखाने, शिकवणी वर्ग आणि लहान कार्यालये यांचीही स्थिती याहून वेगळी नाही.

भारनियमन गेले, खंड राहिला

२००५ मध्ये राज्य वीज मंडळाचे विभाजन होऊन वितरणाचे काम महावितरणकडे आले. त्या काळात ग्रामीण महाराष्ट्र प्रदीर्घ भारनियमन सोसत होता. पुणे शहरात २००६ मध्ये भारनियमनमुक्तीचा प्रयोग सुरू झाला. जिल्ह्याच्या खेड्यांना मात्र पुढची काही वर्षे वाट पाहावी लागली. गावठाणाची वीजवाहिनी शेतीपंपांच्या वाहिनीपासून वेगळी केल्यावर घरे आणि दुकाने यांचा पुरवठा सुधारला आणि २०१२ च्या अखेरीस राज्याचा मोठा भाग भारनियमनमुक्त झाल्याचे जाहीर करण्यात आले.

मात्र भारनियमन संपणे म्हणजे खंडित पुरवठा संपणे नव्हे. वळवाच्या पावसात फांदी तारेवर पडते, रोहित्र जळते, देखभालीसाठी वाहिनी बंद ठेवली जाते. ३ जून २०२० रोजी आलेल्या निसर्ग चक्रीवादळाने पुणे जिल्ह्याच्या अनेक भागांत विजेचे खांब आडवे केले. त्याच वर्षी १२ ऑक्टोबर रोजी सकाळी मुंबई महानगराचा मोठा भागही अंधारात गेला. अर्थात, ज्या शहराला विजेची सर्वाधिक शाश्वती होती, तेथेही पर्यायी व्यवस्थेची गरज सिद्ध झाली.

गावातील दुकान आणि मळ्यातील दुकान यांत आणखी एक फरक असतो. गावठाणाबाहेर वस्तीवर असलेली जोडणी शेतीच्या वाहिनीवर असेल, तर शेतीपंपांच्या वेळापत्रकाचा परिणाम तिच्यावर होतो. शेतीसाठी रात्री वीज मिळण्याच्या पाळ्यांमुळे बिबट्यांच्या वावराच्या या तालुक्यात शेतकऱ्यांना जीव मुठीत धरून पाणी भरावे लागते. दिवसा विजेची मागणी त्यातूनच पुढे आली. सौरऊर्जेवर शेतीवाहिन्या चालविण्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना राज्याने २०१७ मध्ये सुरू केली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा आणला. ही कामे पूर्ण होत जातील तसा फरक पडेल. तोपर्यंत एकाच वेळी अनेक पंप सुरू झाले की विजेचा दाब खाली येणे आणि पंप बंद होताच तो एकदम वर जाणे हे अनुभव येत राहणार. संगणकाला धोका केवळ वीज जाण्याचा नसून या चढउताराचाही आहे, हे यूपीएस निवडताना ध्यानात ठेवावे.

आधी गरज ठरवा : मिनिटे की तास?

बाजारात जाण्यापूर्वी एका प्रश्नाचे उत्तर स्वतःशी निश्चित करावे. वीज गेल्यावर हातातले काम सुरक्षित साठवून संगणक नीट बंद करायचा आहे, की वीज येईपर्यंत काम चालूच ठेवायचे आहे? पहिल्या गरजेला दहा-पंधरा मिनिटे पुरतात आणि त्यासाठी साधा यूपीएस योग्य असतो. दुसऱ्या गरजेला काही तास हवेत. त्यासाठी मोठ्या बॅटरीचा इन्व्हर्टर लागतो. लहान यूपीएसकडून तासांची अपेक्षा ठेवणे ही सर्वांत सामान्य चूक आहे. त्यातून बॅटरी वारंवार तळाला जाते आणि अकाली निकामी होते.

येथे आणखी एक गोष्ट तपासावी. काम इंटरनेटवर अवलंबून असेल, तर दुकानातील राउटरला वीज देऊन भागत नाही. जोडणीचे पुढचे टोक किंवा मोबाइलचा मनोरा किती वेळ तग धरतो, हेही महत्त्वाचे. गावातील इंटरनेट वीज गेल्यावर तासाभराने बंद पडत असेल, तर केवळ ऑनलाइन कामासाठी आठ तासांची बॅटरी घेण्यात पैसे वाया जातात. आपल्या भागात प्रत्यक्ष काय होते, याची महिनाभर वहीत नोंद ठेवावी. वीज केव्हा गेली, केव्हा आली आणि इंटरनेट केव्हा बंद पडले, ही तीन रकान्यांची वही कोणत्याही विक्रेत्याच्या सल्ल्यापेक्षा उपयोगी पडते.

यूपीएसचे तीन प्रकार

ऑफलाइन यूपीएस नेहमीच्या वेळी मुख्य वीजच संगणकाला देतो आणि वीज जाताच बॅटरीवर वळतो. हा सर्वांत स्वस्त. दाबाचे चढउतार सुधारण्याची सोय त्यात नसते किंवा अत्यल्प असते. त्यामुळे दाब जरा घसरला तरी तो बॅटरीवर जातो आणि दिवसातून अनेकदा असे झाले की बॅटरीचे आयुष्य घटते.

लाइन-इंटरॅक्टिव्ह यूपीएसमध्ये दाब वर-खाली करणारा ट्रान्सफॉर्मर असतो. बॅटरीला हात न लावता तो बराचसा चढउतार सांभाळून घेतो. ग्रामीण आणि निमशहरी भागातील एक-दोन संगणकांसाठी हाच प्रकार सर्वाधिक योग्य. खरेदी करताना यंत्र किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत बॅटरीविना काम करते, हे माहितीपत्रकात पाहावे. खालची मर्यादा १४० ते १५० व्होल्टच्या आसपास असेल, तर शेतीवाहिनीच्या शेजारी त्याचा उपयोग होतो.

ऑनलाइन यूपीएस येणाऱ्या विजेचे सतत एकदिश आणि पुन्हा प्रत्यावर्ती प्रवाहात रूपांतर करतो. वीज गेल्यावर क्षणाचाही खंड पडत नाही आणि दाबही स्थिर राहतो. मात्र किंमत जास्त, स्वतःचा वीजवापर जास्त आणि उष्णताही जास्त. पतसंस्थेचा सर्व्हर, निदान केंद्रातील यंत्रे अशा ठिकाणीच हा खर्च योग्य ठरतो.

व्हीए म्हणजे वॅट नव्हे

यूपीएसवर '६०० व्हीए' असे ठळक अक्षरांत लिहिलेले असते. ग्राहक त्याला ६०० वॅट समजतो. प्रत्यक्षात लहान यूपीएसचा शक्तिगुणक अनेकदा ०.६ असतो, म्हणजे ६०० व्हीएच्या यंत्राची क्षमता ३६० वॅट भरते. वॅटचा आकडा माहितीपत्रकात किंवा यंत्राच्या मागील पट्टीवर असतो. तोच खरा मानावा. आपल्या उपकरणांची एकूण गरज या आकड्याच्या साठ-सत्तर टक्क्यांपुढे जाऊ देऊ नये.

बिले आणि पत्रव्यवहाराच्या कामातील साधा संगणक व एलईडी पडदा मिळून साधारण १०० ते १२० वॅट घेतात. राउटर दहा वॅटच्या आसपास. लेझर प्रिंटर मात्र यूपीएसला कदापि जोडू नये. त्यातील तापणारा भाग छपाईच्या क्षणी काही शे वॅटचा झटका घेतो. त्याने यूपीएस बंद पडतो, कधी जळतोही. प्रिंटर, पंखा आणि झेरॉक्स यंत्र थेट मुख्य विजेवर ठेवावे.

सात अ‍ॅम्पिअर-तासांचा खरा हिशेब

बहुतेक लहान यूपीएसमध्ये १२ व्होल्ट, ७ अ‍ॅम्पिअर-तासांची बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरी असते. एक केव्हीएच्या अनेक यंत्रांत अशा दोन असतात. १२ गुणिले ७ म्हणजे ८४ वॅट-तास. यावरून १२० वॅटचा संगणक ४२ मिनिटे चालेल असे वाटते. तसे होत नाही, आणि त्याची दोन कारणे आहेत.

पहिले असे, की सात अ‍ॅम्पिअर-तास ही क्षमता २० तासांच्या संथ वापरावर मोजलेली असते, म्हणजे ०.३५ अ‍ॅम्पिअर प्रवाह २० तास. संगणक चालविताना बॅटरीतून बारा-तेरा अ‍ॅम्पिअर खेचले जातात. शिसे-आम्ल बॅटरी जितक्या वेगाने रिकामी करावी, तितकी तिच्यातून कमी वीज मिळते. दुसरे कारण म्हणजे बॅटरीच्या १२ व्होल्टचे २३० व्होल्ट करताना काही ऊर्जा उष्णतेत जाते. दोन्ही जमेस धरता नवी बॅटरी अशा भारावर १५ ते २० मिनिटे टिकते. दोन-तीन वर्षांनी हाच काळ निम्म्यावर आलेला असतो. विक्रेत्याने 'अर्धा-पाऊण तास' सांगितले, तर किती वॅटच्या भारावर, हा प्रश्न अवश्य विचारावा.

तासांची गरज असेल तर

दिवसाला दोन-चार तास काम चालू ठेवायचे असल्यास ट्यूब्युलर बॅटरीचा इन्व्हर्टर घ्यावा. १२ व्होल्ट, १५० अ‍ॅम्पिअर-तासांच्या बॅटरीत १,८०० वॅट-तास मावतात. ती पूर्ण रिकामी करू नये म्हणून ८० टक्के आणि रूपांतरातील घट म्हणून पुन्हा ८० टक्के धरले, तर सुमारे १,१५० वॅट-तास हाती लागतात. दोन संगणक, राउटर आणि एलईडी दिवे मिळून २५० वॅट होत असतील, तर साडेचार तासांच्या आसपास काम चालते. बॅटरीचे वय वाढेल तसा हा काळ घटेल, हे गृहीत धरावे.

इन्व्हर्टर घेताना दोन बाबींवर तडजोड करू नये. पहिली, तो शुद्ध साइन लहरीचा असावा. चौकोनी लहरींचे स्वस्त इन्व्हर्टर पंखे-दिवे चालवितात; परंतु संगणकाच्या पॉवर सप्लायला ते त्रासदायक ठरतात आणि त्यांच्या मागे जोडलेला लहान यूपीएस सतत चालू-बंद होत राहतो. दुसरी बाब म्हणजे यूपीएस मोडचे बटण. संगणकाचा पॉवर सप्लाय पुरवठा तुटल्यावर साधारण १६ मिलिसेकंदच तग धरतो. सामान्य मोडमध्ये इन्व्हर्टरला वळायला २० ते ४० मिलिसेकंद लागू शकतात आणि तेवढ्यात संगणक पुन्हा सुरू होतो. यूपीएस मोडमध्ये हा काळ दहा मिलिसेकंदांच्या आसपास येतो. अनेक दुकानांत 'इन्व्हर्टर असूनही संगणक बंद पडतो' अशी तक्रार असते; अशा वेळी प्रथम हे बटण पाहावे.

केवळ राउटर किंवा पावतीचे छोटे यंत्र चालवायचे असेल, तर १२ व्होल्टचा छोटा डीसी यूपीएस पुरतो. त्याचे व्होल्ट, अ‍ॅम्पिअर आणि पिनेची ध्रुवता उपकरणाशी जुळतात की नाही, हे पाहून घ्यावे. दूध तपासणीच्या अनेक इलेक्ट्रॉनिक यंत्रांनाही १२ व्होल्टची स्वतंत्र जोडणी असते. तेथे थेट बॅटरी वापरल्यास रूपांतरातील ऊर्जा वाचते. नवा संगणक घेण्याचा विचार असेल, तर लॅपटॉपचा पर्याय तपासावा. त्यात बॅटरी अंगचीच असते आणि वीजवापरही कमी.

लिथियम आणि सौर यांविषयी

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आता इन्व्हर्टरसोबत सर्रास विकली जाते. ती वजनाने हलकी, लवकर चार्ज होणारी आणि हजारो वेळा वापरता येणारी असते. तिला पाणी घालावे लागत नाही. रोज वीज जाणाऱ्या ठिकाणी जास्तीची किंमत काही वर्षांत भरून निघते. वर्षातून चार वेळा वीज जात असेल, तर शिसे-आम्लच परवडते. मात्र जुन्या यूपीएसमधील शिशाची बॅटरी काढून त्याच जागी लिथियम बॅटरी बसवू नये. दोन्हींना चार्ज करण्याचा दाब वेगळा असतो. यंत्राच्या उत्पादकाने तशी स्पष्ट परवानगी दिली असेल तरच हा बदल करावा.

फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राने पीएम सूर्यघर योजना सुरू केल्यापासून छतावर सौर पॅनेल बसविण्याकडे कल वाढला आहे. येथे एक गैरसमज दूर व्हायला हवा. बॅटरी नसलेली, थेट महावितरणच्या जाळ्याला जोडलेली सौर यंत्रणा वीज गेली की तीही बंद होते. तारांवर काम करणाऱ्या कर्मचाऱ्याला धक्का बसू नये म्हणून ही योजना मुद्दाम केलेली असते. वीज गेल्यावरही सौरऊर्जा हवी असेल, तर बॅटरीसह हायब्रिड यंत्रणाच लागते.

बॅटरी बदलण्याची वेळ कशी ओळखावी?

बंदिस्त शिसे-आम्ल बॅटरीचे अपेक्षित आयुष्य तीन ते पाच वर्षे मानले जाते. पण ते २०-२५ अंश सेल्सिअस तापमानासाठी. तापमान दर आठ-दहा अंशांनी वाढले की आयुष्य निम्म्यावर येते. एप्रिल-मे महिन्यात पत्र्याच्या छपराखाली, भिंतीला चिकटवून, कागदांच्या गठ्ठ्यात दडपून ठेवलेल्या यूपीएसची बॅटरी दीड-दोन वर्षांत गेली, तर दोष बॅटरीचा नव्हे.

आयुष्य घटविणारी आणखी एक सवय म्हणजे दुकान बंद करताना मुख्य स्विच बंद करणे. सुरक्षिततेच्या दृष्टीने ती योग्य असली, तरी दिवसा वीज गेल्याने रिकामी झालेली बॅटरी रात्रभर तशीच राहते आणि तिच्या शिशाच्या पट्ट्यांवर गंधकाच्या क्षाराचा थर धरतो. यूपीएससाठी वेगळा स्विच ठेवावा आणि तो रात्री चालू राहील असे पाहावे. दिवाळीत किंवा जत्रेनिमित्त दुकान बरेच दिवस बंद राहणार असेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज करूनच यूपीएस बंद करावा.

पुढील लक्षणे दिसल्यास बॅटरीची वेळ भरली असे समजावे : वीज जाताच यूपीएस काही सेकंदांत बंद पडणे, वीज असतानाही वारंवार इशारा वाजणे किंवा बॅटरी बदलण्याचा दिवा लागणे, पेटी तापणे, बॅटरी फुगणे किंवा तिला सडक्या अंड्यासारखा वास येणे. शेवटची दोन लक्षणे धोक्याची आहेत. यूपीएस तत्काळ बंद करून मुख्य विजेपासून वेगळा करावा.

खात्रीची चाचणी घरच्या घरी करता येते. नवी बॅटरी बसविल्यावर ती रात्रभर चार्ज करावी. संगणक काढून यूपीएसला १०० वॅटचा जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा जोडावा, मुख्य वीज बंद करावी आणि दिवा किती मिनिटे जळतो ते घड्याळ लावून पाहावे. हा आकडा तारखेसह यूपीएसवर चिकटवून ठेवावा. दर तीन महिन्यांनी हीच चाचणी घ्यावी. काळ पहिल्याच्या निम्म्यावर आला की नवी बॅटरी आणावी, बंद पडेपर्यंत थांबू नये. मल्टिमीटर असल्यास पूर्ण चार्ज करून काही तास तशीच ठेवलेली चांगली बॅटरी १२.७ व्होल्टच्या आसपास दाखवते आणि १२.४ च्या खालचा आकडा संशयास्पद मानावा. तथापि केवळ व्होल्टवर विसंबू नये. निकामी बॅटरीही भाराशिवाय चांगला आकडा दाखवू शकते.

नवी बॅटरी घेताना

जुन्या बॅटरीवरील व्होल्ट, अ‍ॅम्पिअर-तास आणि मापे टिपून घ्यावीत. सात अ‍ॅम्पिअर-तासांच्या नेहमीच्या बॅटरीची लांबी १५१, रुंदी ६५ आणि खोक्याची उंची ९४ मिलिमीटर असते. टर्मिनलची पट्टी अरुंद की रुंद, हेही पाहावे. दोन्ही प्रकार बाजारात आहेत आणि सैल बसलेली पट्टी तापते.

उत्पादनाची तारीख हा सर्वांत महत्त्वाचा निकष. बॅटरी न वापरता पडून राहिली तरी हळूहळू उतरते आणि सहा महिन्यांत तिला पुन्हा चार्ज करावे लागते. म्हणून शक्यतो तीन महिन्यांच्या आतील बॅटरी मागावी. वजनही बोलके असते. सात अ‍ॅम्पिअर-तासांची चांगली बॅटरी दोन किलोंहून अधिक भरते. हातात फारच हलकी वाटली, तर शिसे कमी वापरले असण्याचा संभव असतो. पक्के बिल आणि तारखेचा शिक्का असलेले हमीपत्र घ्यावे. यूपीएसमध्ये दोन बॅटऱ्या असतील, तर एक जुनी आणि एक नवी अशी जोडी लावू नये. दोन्ही एकाच वेळी, एकाच कंपनीच्या आणि एकाच क्षमतेच्या बदलाव्यात. अन्यथा जुनी बॅटरी नवीलाही ओढून नेते.

यूपीएस सहा-सात वर्षांचा झाला असेल आणि बॅटरीचा खर्च नव्या यंत्राच्या निम्म्याहून अधिक होत असेल, तर यंत्रच बदलणे शहाणपणाचे.

बदलताना घ्यावयाची काळजी

संगणक व यूपीएस बंद करावा आणि यूपीएसची पिन भिंतीतून काढावी. हातातील घड्याळ, अंगठी, कडे उतरवून ठेवावे. झाकण उघडल्यावर तारांचे रंग आणि जागा यांचे मोबाइलवर छायाचित्र घ्यावे. सामान्यतः लाल तार धन आणि काळी तार ऋण टर्मिनलला असते. एका वेळी एकच तार काढावी आणि तिच्या टोकाला चिकटपट्टी लावावी. बॅटरीच्या दोन्ही टर्मिनलना एकाच वेळी पकडीचा वा पेचकसाचा स्पर्श झाला, तर मोठी ठिणगी उडते. नवी बॅटरी उलटी जोडल्यास यूपीएसचे सर्किट क्षणात जळते. म्हणून झाकण लावण्यापूर्वी छायाचित्राशी ताडून पाहावे. विजेच्या कामाचा सराव नसेल, तर हे काम तंत्रज्ञाकडूनच करून घ्यावे, कारण पिन काढल्यावरही आतील काही भागांत विद्युतभार शिल्लक असतो. पहिल्या वापरापूर्वी आठ-दहा तास चार्जिंग आवश्यक.

इन्व्हर्टरच्या ट्यूब्युलर बॅटरीत दोन-तीन महिन्यांनी पातळी पाहून फक्त डिस्टिल्ड वॉटर घालावे. विहिरीचे, नळाचे किंवा पिण्याचे बाटलीबंद पाणी चालत नाही. ही बॅटरी हवेशीर जागी असावी, कारण चार्ज होताना तिच्यातून ज्वलनशील हायड्रोजन वायू निघतो.

अर्थिंगकडे दुर्लक्ष नको

लहान दुकानांत तीन पिनांच्या प्लगची तिसरी पिन अनेकदा नावापुरती असते. मागे अर्थिंगची तारच नसते. अशा ठिकाणी यूपीएसमधील अतिदाबापासूनचे संरक्षण पुरते काम करीत नाही आणि संगणकाच्या पेटीला झिणझिण्या येतात. तीन फेजच्या वाहिनीवर न्यूट्रल तार तुटली, तर एक फेजच्या ग्राहकाकडे २३० ऐवजी ४०० व्होल्टच्या आसपास दाब येऊ शकतो. एकाच वेळी वस्तीतील अनेक घरांची उपकरणे जळण्याच्या घटनांमागे बहुधा हेच कारण असते. चांगली अर्थिंग आणि मुख्य फलकावर अतिदाबाला पुरवठा तोडणारे उपकरण या दोन्हींचा खर्च एका संगणकाच्या दुरुस्तीपेक्षा कमी असतो. दिवे एकाएकी फार प्रखर झाले, तर मुख्य स्विच बंद करून महावितरणच्या १९१२ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी.

जुनी बॅटरी भंगारात नको

शिसे-आम्ल बॅटरीच्या वजनात निम्म्याहून अधिक वाटा शिसे आणि त्याच्या संयुगांचा असतो. शिसे लहान मुलांच्या मेंदूवर परिणाम करते आणि मातीतून ते नाहीसे होत नाही. बॅटरी फोडून आम्ल ओढ्यात ओतले, तर ते कुकडीत, पुढे घोड आणि भीमा नद्यांत जाते. केंद्राने २००१ मध्ये जुन्या बॅटऱ्या परत घेण्याविषयी नियम केले आणि २०२२ मध्ये त्यांच्या जागी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आणले. त्यानुसार वापरलेल्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. नवी घेताना जुनी बॅटरी विक्रेत्याकडे द्यावी आणि बिलात तिची रक्कम वजा करून घ्यावी. पर्यावरणाबरोबर खिशाचाही त्यात फायदा आहे.

थोडक्यात महत्त्वाचे

० आधी गरज ठरवा; मिनिटांसाठी यूपीएस, तासांसाठी इन्व्हर्टर.
० व्हीए नव्हे, वॅट पाहा; लेझर प्रिंटर बाहेर ठेवा.
० दाब अस्थिर असल्यास लाइन-इंटरॅक्टिव्ह प्रकार निवडा.
० उत्पादनाची तारीख, वजन, बिल आणि हमीपत्र तपासा.
० दर तीन महिन्यांनी दिव्याची चाचणी. वेळ निम्म्यावर आली की बॅटरी बदला.
० यूपीएस सावलीत, हवेशीर जागी. त्याचा स्विच रात्री चालू.
० यूपीएसची यूएसबी तार संगणकाला जोडून आपोआप बंद होण्याची सोय सुरू करा.
० बॅटरी कितीही चांगली असली, तरी माहितीची प्रत रोज वेगळ्या ठिकाणी ठेवा. यूपीएस वीज सांभाळतो. बिघडलेल्या हार्ड डिस्कमधील खातेवही तो परत आणू शकत नाही.